मधल्या पुळणीची मोजणी

"काय गो बाय, ह्या चौकटीत कोणाचो फोटो लावतलंस?"

मी चिखलात गुडघे टेकून बसले होते. समोर लोखंडी चौकट, वीतभर लांब, वीतभर रुंद. ती मी नुकतीच पुळणीत दाबली होती आणि आतला चिखल खुरप्याने उकरून चाळणीत टाकत होते. मागे वळून पाहिलं तर साठीच्या आसपासची एक बाई कमरेवर टोपली टेकवून उभी. नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली, पिंढऱ्यांपर्यंत चिखल आणि चेहऱ्यावर माझी चांगलीच करमणूक चालल्याचा भाव.

"फोटो नाही हो काकी, चिखल मोजतेय."

"चिखल मोजूक पगार देतत?"

"देतात की."

"मगे माका जन्मभराचो पगार देवक होयो," असं म्हणून ती माझ्या शेजारीच बसली आणि माझ्या हातातलं खुरपं काढून घेऊन ते कसं धरायचं ते मला दाखवायला लागली.

ती सुभद्राकाकी मेथर. खाजणवाडीत राहायला लॉज नव्हतं, म्हणून ग्रामपंचायतीच्या शिपायाने मला तिच्याच पडवीत उतरवलं होतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. नवरा समुद्रात बुडून गेलेला, मुलगी लग्न होऊन देवगडला. घरात ती एकटीच. खाडीच्या मधोमध ओहोटीला जी लांबट पुळण उघडी पडायची, तिच्यातल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढून विकायच्या, हाच तिचा चरितार्थ. तिचा आणि वाडीतल्या आणखी चाळीसेक बायकांचा. पुरुष होड्या घेऊन बाहेर जात, त्यांचं कधी मिळे कधी नाही. मधली पुळण मात्र बायकांची होती आणि ती कधी रिकाम्या हाताने परत पाठवत नसे.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. जतसारख्या टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावातली पोरगी प्राणिशास्त्र शिकून खाडीचा चिखल मोजायला लागली, यावर आमच्या घरी बरेच विनोद होत. ठाण्यातल्या एका सल्लागार कंपनीत मला लागून दहा महिने झाले होते. मार्चमध्ये कायम करणार होते, म्हणजे माझ्या वरिष्ठांनी, धारपसरांनी, शेरा चांगला दिला तर. खाजणवाडीच्या खाडीत एक पर्यटन बंदर होणार होतं. धक्का, हॉटेल, परदेशी नौकांना उभं राहायला जागा. त्याचा तिथल्या जिवांवर काय परिणाम होईल ते पाहायचं काम आमच्या कंपनीकडे होतं आणि चिखलातल्या जिवांचं प्रकरण माझ्याकडे. नौका आत यायच्या तर खाडीत खोल वाट खणावी लागणार होती. ती वाट नकाशावर मधल्या पुळणीच्या बरोबर अंगावरून जात होती.

हे वाडीत कुणाला माहीत नव्हतं. धक्का येणार हे त्यांनी ऐकलं होतं, पण तो वर, जुन्या उताराजवळ. "थंय येवंदे, आमका काय त्याचा," असं काकी म्हणायची. मी गप्प बसले, कारण प्रकल्पाबद्दल गावकऱ्यांशी बोलायचं नाही असा आमचा नियम होता. तो नियम मी पाळला, पण अर्धाच, आणि त्या अर्धेपणानेच सगळा घात केला.

त्या पहिल्या संध्याकाळची चौकट फक्त चाचणीची होती. खऱ्या नोंदीच्या बारा जागांची यादी ठाण्याहून फॅक्सने यायची होती. चाळणी खाडीच्या पाण्यात हलवली, चिखल वाहून गेला आणि तळाशी उरल्या त्या पाहून मी चकित झाले. वीतभर जागेत एकशे तेरा तिसऱ्या. बऱ्याचशा डाळीच्या दाण्याएवढ्या. मी त्या दोनदा मोजल्या आणि आकडा माझ्या वहीत लिहिला.

"बारके गावले तां बरा काय वायट?" काकीने विचारलं.

शिकलेल्या माणसाला आपलं ज्ञान पाजळायची हौस असतेच. मला तर तेव्हा फारच होती. "फार चांगलं, काकी," मी म्हणाले. "इतकी पिल्लं म्हणजे ही नुसती पुळण नाही, पाळणाघर आहे. अशी जागा सापडली की सरकार ती जपतं. बंदसुद्धा करतं. मग तिथे कुणी पाय ठेवायचा नाही."

माझ्या मनात होतं की मग बंदरवाल्यांना इथे खणता येणार नाही. पण बंदरवाल्यांचं नाव घ्यायला मला बंदी होती. म्हणून मी 'कुणी' म्हणाले.

"कोणीच नाय?" काकीने विचारलं.

"कुणीच नाही," मी अगदी आनंदाने सांगितलं.

तिने टोपली उचलली. त्या रात्री जेवायला तिसऱ्यांची एकशिपी होती, भरपूर ओलं खोबरं घातलेली. काकी जेवताना फारसं बोलली नाही. दमली असेल असं मला वाटलं.

यादी यायला चार दिवस लागले. तोवर मी वरच्या अंगाला कांदळवनात खेकड्यांची बिळं मोजत बसले. संध्याकाळी परत यायची तर काकीचा पत्ता नसायचा, झाकून ठेवलेलं जेवण असायचं. वाडीतल्या कुठल्याच घरात बाई दिसायची नाही. ओहोटीच्या वेळा आहेत, कामावर असतील, असं मी धरून चालले. माझं लक्ष बिळांत होतं.

चतुर्थीच्या सकाळी आठला ओहोटी लागली आणि मी बारा जागा घ्यायला पुळणीवर उतरले. पहिल्या चौकटीत तीन तिसऱ्या आल्या. दुसऱ्या चौकटीत एक आली. तिसरीत काहीच नाही. मी यादी पुन्हा तपासली, पावलं मोजून अंतरं पुन्हा घेतली. सगळं बरोबर होतं. बारा चौकटी मिळून एकोणीस तिसऱ्या निघाल्या, आणि त्यातल्या बारीक अवघ्या चार. बायका काठावर ओळीने उभ्या होत्या. एकही पुळणीवर उतरली नव्हती. पहिल्या दिवशी माझी टर उडवणाऱ्या त्या बायका देवळात उभ्या असल्यासारख्या शांत होत्या.

दुपारी नाक्यावरच्या टेलिफोन बूथवरून मी धारपसरांना फोन केला.

"एकोणीस आल्या सर. पण चाचणीच्या एका चौकटीतच एकशे तेरा होत्या."

"चाचणीचा आकडा नोंदवत नाहीत, शेंडगे."

"पण सर, काहीतरी चुकतंय."

"चौकटीत आलं ते लिहायचं. आजच फॅक्स कर, मी तक्ता पुढे पाठवतो." सर वाईट नव्हते. एका वेळी सात प्रकल्प ओढत होते. मी तक्ता भरला, खाली सही केली आणि पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान बांधायला लागले तेव्हा काकी दारात येऊन उभी राहिली. चार-पाच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"मोजान झाला मा सगळा? कागद गेलो?"

"गेला काकी."

"मगे चल. तुका एक गंमत दाखवतंय."

ती मला तिवरांच्या झाडीच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथे खाडीचा एक फाटा वळून आत शिरला होता, घोटाभर पाण्याचा. होडी तिथे जात नाही, आणि माझ्या नकाशात तो नव्हताच. काकी वाकली, पाण्याखालच्या चिखलात हात घातला आणि ओंजळ माझ्यासमोर धरली. ओंजळभर डाळीच्या दाण्याएवढ्या तिसऱ्या. मग दोन पावलं पुढे जाऊन आणखी एक ओंजळ. जिथे हात घालावा तिथे तेच.

"मोठे होते ते विकलंव. बारके हंय आणून पेरलंव," ती म्हणाली. "आमी चाळीस जणी चार दिस वाकलंव. माझी कंबर तर अजून सरळ होवक नाय."

"पण का, काकी?"

"तूच सांगलंस मा. बारके गावले की बंद करतत म्हणान. गेल्या साली ह्या तिवरांका कुंपण घातल्यानी. आता चुलीक काटकी आणूक गेलंव तरी पावती फाडतत. पुळण बंद झाली तर खाव काय आमी?" तिने ओंजळ हळूच पाण्यात सोडली. "शिमग्यापर्यंत हंय ऱ्हवतीत. मगे परत नेवन पेरतंव. कोणाक सांगा नको हां. तू आमचीच, म्हणान दाखवलंय."

पेरणं हा तिथल्या बायकांचा जुना रिवाज होता. एका जागी फार दाटी झाली की बारीक तिसऱ्या उचलून विरळ जागी पेरायच्या, म्हणजे वाढतात. असं काही कुणी करत असेल हे मी ज्या पुस्तकांतून शिकले त्यांत नव्हतं. नाहीतर काठावरच्या त्या शांततेचा अर्थ मला लागला असता.

मी तिथेच पाण्यात उभी राहून तिला सगळं सांगितलं. नियम तेव्हा कुठे गेला कोण जाणे. धक्का वर आहे पण वाट पुळणीवरून आहे. खणणार आहेत, पुरुषभर खोल. तिसऱ्या भरपूर सापडल्या असत्या तर कदाचित वाट वळवावी लागली असती. आणि कागदावर आता एकोणीस आहेत.

काकीने सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही, मला दोष दिला नाही. तो तिने तेव्हा दिला असता तर फार बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मगे सोपा आसा. दोन दिसांत सगळे परत पेरतंव. तू परत मोज."

मी धावत नाक्यावर गेले.

धारपसरांनी पूर्ण ऐकलं. "पुन्हा मोजता येईल," ते म्हणाले. "पण का मोजलं ते अहवालात लिहावं लागेल. पाहणी करणाऱ्या व्यक्तीने गावकऱ्यांना काय सांगितलं, त्यामुळे त्यांनी काय केलं, सगळं. अशा माणसाला मग कोण कायम करणार? मी नाही करू शकणार. लिहू का तसं? तू म्हणशील तसं करतो."

हा प्रश्न त्यांनी मला खरोखर विचारला होता. आजही मला स्वतःला सांगता येत नाही की वरून दडपण आलं. 'लिहा' एवढंच म्हणायचं होतं. मी विचारलं, "पावसाळ्यानंतर दुसरी पाहणी नसते का सर?"

"मोठ्या अभ्यासात असते. आपल्या करारात एकच ऋतू आहे. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. करार मीच टाइप केला होता.

परत आले तेव्हा काकी पायरीवर वाट पाहत बसली होती. शेजारी टोपल्या रचून ठेवल्या होत्या. बायकांना निरोप गेले होते.

"आत्ता नाही मोजता येणार," मी म्हणाले. "पण पावसाळ्यानंतर दुसरी पाहणी असते. तेव्हा सगळं नीट मोजता येईल."

'असते' म्हणाले मी. 'आहे' म्हणाले नाही. तेवढी काळजी मी घेतली.

"आत्ता मोजलंस तर तुका कोण बोलतलो?"

"माझी नोकरी जाईल, काकी."

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "नोकरी कित्याक घालवतंस? पावसानंतर तर पावसानंतर. खंय पळान जातत तिसरे?"

मी दुपारच्या एसटीने निघाले. मार्चमध्ये कायम झाले.

जनसुनावणी मे महिन्यात झाली, वाडीच्या शाळेत. नियमच आहे तसा, की प्रकल्पाआधी गावाचं म्हणणं ऐकून घ्यायचं. कंपनीतर्फे धारपसर आणि मी, टेबलामागे दुसऱ्या रांगेत. जावं लागू नये म्हणून मी ताप असल्याचं सांगून पाहिलं होतं. सर म्हणाले, मोजणी तुझी आहे, कुणी विचारलं तर उत्तर तूच द्यायचं.

पुरुष बोलले ते डिझेलवर, नोकऱ्यांवर, देवळाच्या रस्त्यावर. मग काकी उठली. चांगलं लुगडं नेसून आली होती. तिच्यामागे चाळीस बायका जमिनीवर बसल्या होत्या.

"मधल्या पुळणीत आमचे तिसरे आसत," ती म्हणाली. "ती खणूची नाय."

सुनावणीचे अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी अहवाल उघडून पान शोधलं. "आजी, इथे लिहिलंय की बारा ठिकाणी मिळून एकोणीसच सापडल्या. त्यावर चाळीस घरं चालतात असं म्हणणं जरा कठीण आहे. या मॅडमनी स्वतः मोजल्यात. त्यांची मोजणी चुकीची आहे, असं तुमचं म्हणणं आहे का?"

काकीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगणार. तिने सांगावं असंही वाटलं, खरंच वाटलं. ती बोलली असती तर मला मान डोलवण्यापलीकडे काही करावं लागलं नसतं, आणि तेवढं मी केलं असतं अशी माझी अजूनही समजूत आहे. मागची एक बाई काही बोलायला उठू लागली तर काकीने हात मागे करून तिला खाली बसवलं.

"मॅडमनी मोजल्यानी तां खरां," काकी म्हणाली. "तेव्हा नव्हते. आता आसत. येवन बघा."

हॉलमध्ये थोडं हसू पसरलं. पुरुषही हसले. चार महिन्यांपूर्वी नव्हत्या आणि आता आहेत, म्हातारीचं काहीतरीच.

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "असं होऊ शकतं का, मॅडम?"

मी उभी राहिले. "ऋतूनुसार संख्येत चढउतार होतात, सर."

हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. कुठल्याही पुस्तकात सापडेल. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

बाहेर गाडीत बसताना काकीने मला गाठलं. मी तिच्या तोंडाकडे पाहू शकत नव्हते. तिला वाटलं, मी घाबरले आहे.

"भिया नको. तुझा नाव मी घेवक नाय," ती हळूच म्हणाली. "पावसानंतर येतलंस मा मोजूक? आमी सगळ्यांनी ठरवलंव. तवसर पुळणीत कोणी हात घालूचो नाय. एकही तिसरो काढूचंव नाय. बघ कशे भरतत ते."

"पण मग तुम्ही खाणार काय?"

"जाळी विणतंव. हाटेलात भांडी घासतंव. पाच-सहा म्हयन्यांचो तर प्रश्न."

सर गाडीत वाट पाहत होते. तिथे तिला सांगायचं होतं, की काकी, काढा आणि विका, कुणी येणार नाही. मी म्हणाले, "बघते." गाडी सुटली.

श्रावणात परवानगीचं पत्र आलं. त्याची प्रत माझ्या टेबलावरून गेली. गावाला कळवणं आमचं काम नव्हतं. यंत्रं पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर लागणार होती.

दिवाळीच्या आठवडाभर आधी ऑफिसात फोन आला.

"गो बाय, सुभद्रा बोलतंय, मेथरांची." मागे नाक्यावरच्या रिक्षांचे आवाज. "तिसरे तयार आसत. अशे दाट झालेत, बोट घालूक जागा नाय. तू सांगल्यापासून एकान हात लावक नाय. लक्ष्मीपूजनादिवशी अमावास्येची ओहोटी बरी आसा, सांजचे पाच वाजता. सणाचो दिस, पण येशीत मा?"

तिच्या आवाजात जो आनंद होता तो मी तोवर कधी ऐकला नव्हता. सबंध पावसाळा चाळीस घरांनी भरलेल्या ताटावर बसून उपास केला होता, माझ्या एका 'असते'वर. मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "येते."

लक्ष्मीपूजनाला मी घरी होते. भरती-ओहोटीचं कोष्टक आम्हा लोकांना तोंडपाठ असतं. पाच वाजता पुळण उघडी पडली असेल, सात-सव्वासातला पुन्हा पाण्याखाली गेली असेल. तेवढे दोन तास मी घड्याळाकडे पाठ करून पणत्या लावत होते.

भाऊबीजेनंतर ऑफिस उघडलं. दुपारी पुढच्या टेबलावरच्या लतिकाने रिसीव्हरवर हात ठेवून मला हाक मारली. "मॅडम, कोणी सुभद्राकाकी आहेत. देऊ?"

"साइटवर गेल्यात म्हणून सांग."

तिने सांगितलं. मग बराच वेळ नुसती "हो, हो" करत पलीकडचं ऐकत राहिली आणि फोन ठेवला.

"काय म्हणत होत्या?"

"काही नाही. तुम्ही आजारी तर नाही ना, विचारत होत्या," लतिका म्हणाली. "आणि म्हणाल्या, घाई करू नकोस म्हणावं, सवडीने ये. पुढच्या अमावास्येपर्यंत आम्ही राखतो."